जनसुनावणीचा मांडव रिकामा ठेवू नका



कारखान्याच्या विस्ताराची किंवा डिस्टिलरीची बातमी आली की आपण लगेच टनेजचा आणि भावाचा हिशेब मांडतो. तो मांडलाच पाहिजे. पण त्याआधी पेपरात जनसुनावणीची जाहिरात येते, तिकडे कुणी बघतच नाही.

ही सुनावणी आली कुठून? 1991 साली देशाने आर्थिक धोरण बदलले. बहुतेक उद्योगांची परवान्याची अट गेली, साखर धंद्याचीही 1998 मध्ये गेली. सरकारचा हात सैल झाला, मग नदी-नाल्याची काळजी कुणी वाहायची? 1994 च्या केंद्रीय अधिसूचनेने ठराविक प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी सक्तीची केली आणि 1997 मध्ये त्यात जनसुनावणी आली. राजवट बदलल्यावर पूर्व युरोपातल्या देशांनीही असेच कायदे केले.

2006 च्या अधिसूचनेप्रमाणे रोज 5,000 टन किंवा जास्त गाळपाचे साखर कारखाने आणि मळीवरच्या डिस्टिलऱ्या यात येतात. सुनावणीची जाहिरात किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो, सारांश मराठीत असतो. मात्र गणपूर्तीची अट नाही. मांडवात दहाच माणसं असली तरी सुनावणी झाली ती झालीच!

काही जण म्हणतील, आपलाच कारखाना, आपणच कशाला आडवं लावायचं? अहो, भागभांडवल आपलं तशी विहीरही आपलीच आहे. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर स्पेंट वॉश निघतो. तो साठवणार कुठे? टाकीचा तळ पक्का आहे का? पावसाळ्यात ओढ्याला लागला तर जबाबदार कोण? दुधना, पूर्णा, गोदावरीच्या काठी राहणाऱ्याने हे विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? विचारणं म्हणजे विरोध नव्हे. सुनावणीत मतदान नसतं. बोललेलं नोंदलं जातं आणि शेवटी वाचून दाखवावं लागतं. आपला मुद्दा त्यात आला की नाही, एवढं ऐकूनच उठावं.

आधीची मंजुरी असलेल्या कारखान्यांच्या इथेनॉल विस्ताराला केंद्राने 2021 मध्ये सुनावणीतून सवलत दिली. जिथे सुनावणीच नाही, तिथे हेच प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत लेखी द्यावेत. संचालक मंडळानेही अहवालाचा मराठी सारांश गटागटाच्या कार्यालयात लावावा. पाणी नासल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा आधी दोन प्रश्न विचारलेले बरे.