खर्जातला ‘हम’

लिहिताना आम्ही स्वतःस ‘आम्ही’ म्हणवितो, यावरून आमच्या कुटुंबाने आजवर पुष्कळ टोमणे मारले आहेत. तेव्हा गेल्या आषाढात पुतण्याने दौलतगंजातील आमच्या ओसरीवर उभे राहून, ‘‘काका, यात फार हम आहे,’’ असे म्हटले, त्या वेळी ग्वाल्हेरच्या हिंदीचा आश्रय घेऊन हा पोरगाही आमच्या अहंकारावर घसरला, असेच क्षणभर वाटले. तसे नव्हते. त्याच्या हातात त्याच्या वडिलांची बेस गिटार होती, आणि ‘हम’ म्हणजे तिच्यातून येणारी घरघर होती.

आमचे धाकटे बंधू नोकरी सांभाळून एका हौशी ऑर्केस्ट्रात ही गिटार वाजवीत. लष्कर भागातील गणेशोत्सवात त्यांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असे. ज्या घरात तंबोऱ्याची जवारी लावण्यात सकाळच्या सकाळ सरत, तेथे हे विजेचे वाद्य आले तेव्हा आमच्या तीर्थरूपांनी आठ दिवस अबोला धरला. पुढे एकदा भिंतीआडून ऐकून ते म्हणाले, ‘‘खर्ज धरतो आहे. असू दे.’’ बंधूंना जाऊन आता चार वर्षे झाली. या गणेशोत्सवात वाजवावे म्हणून चिरंजीवांनी पेटी उघडली होती.

त्यांचा बेत मोठा होता. दोन्ही जुने पिकअप काढून टाकावयाचे, नवे बसवावयाचे, शिवाय आत बॅटरीवर चालणारे मंडल घालावयाचे. आमची भावजय तांदूळ निवडीत बसली होती. तिने मान वर न करता एवढेच म्हटले, ‘‘मग त्यांचा आवाज जाईल.’’ यावर पुतण्या गप्प झाला आणि निवाडा आमच्याकडे आला. मराठीच्या एम. ए.ला विद्युच्चुंबकत्व नव्हते. म्हणून आम्ही आमच्या शाळेतील विज्ञान शिक्षकांस शरण गेलो.

पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकक्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली दाखविले ते हेच. ‘पॅसिव्ह’ गिटारीत बॅटरी नसते. त्यामुळे पिकअप, नॉब आणि केबल मिळून एकच मंडल होते. केबल फार लांब झाली तरी वरची झळाळी मावळते. हेच वेढे आसपासच्या तारांतील व ट्रान्सफॉर्मरमधील वीजही टिपतात. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी बोट ठेवले की जो ‘जी’ स्वर निघतो तो ४९ आवर्तनांचा. म्हणजे आपल्या देशात ही घरघर थेट सुराच्या उंबरठ्यावर येऊन बसते! अमेरिकेत ती ६०ची असल्याने निदान निराळ्या घरी जाते.

या घरघरीवर उपाय जुना आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन’ बेस बाजारात आणली. १९५७ साली तिचा पिकअप दोन अर्ध्या तुकड्यांत विभागला, आणि दोहोंतील घरघर एकमेकींस मारू लागली. १९६० साली आलेल्या ‘जॅझ’ बेसवर दोन सरळ पिकअप. बंधूंची गिटार याच दुसऱ्या घाटाची होती.

शिक्षकांनी मीटर लावले. पुढच्या पिकअपचा रोध ७.४ किलो-ओहम भरला, या जातीस साजेसा. मागच्यावर काटा हललाच नाही. आत तार तुटलेली. पुतण्या चकित झाला. भावजय मात्र सहज म्हणाली, ‘‘ते मागचं बटण हे कधी फिरवीतच नसत.’’ म्हणजे वर्षानुवर्षे बंधूंनी एकाच पिकअपवर सारे कार्यक्रम निभावले होते, आणि आम्हां कोणास त्याचा पत्ता नव्हता. शंभरदा आम्ही पहिल्या रांगेत बसलो असू.

मग प्रश्न निम्मा झाला. पुढच्यास हात लावावयाचा नाही. मागचा तेवढा निवडावयाचा. येथे जाहिराती फार भुलवितात. वेढे वाढविले की आवाज मोठा होतो हे खरे, पण वरचे सूर बुजतात, मधले फुगतात; आणि असा दांडगा पिकअप मागे बसविला तर पुढच्याचा गळा दाबला जातो. नुसत्या रोधाच्या आकड्यावरही विसंबू नये, कारण तार अधिक बारीक वापरली तरी तो आकडा वाढतो. मागे घोडीजवळ तारेचा झोल कमी, म्हणून तेथील पिकअप किंचित जोरकस असावा, फार नव्हे. लांबीही पाहावी लागते, कारण मागचा पिकअप बहुधा पुढच्याहून दोन-तीन मिलिमीटर लांब असतो. आम्ही प्रयोगशाळेतील व्हर्नियर घरी आणले.

खरी गंमत पुढे आहे. नव्या पिकअपचे चुंबक जुन्याच्या उलट हवे आणि वेढेही उलट दिशेचे हवेत. चुंबक उलटल्याने तारेचा स्वर उलटतो, वेढे उलटल्याने तो पुन्हा सुलटतो. घरघर मात्र चुंबकास ओळखत नाही, ती वेढ्यांबरोबर एकदाच उलटते. दोन्ही नॉब पूर्ण उघडले की स्वर स्वरास मिळतो आणि घरघर घरघरीस खाते. तेव्हा जुन्याचे वरचे टोक कोणते, हे कळणे आवश्यक. शाळेचे होकायंत्र जवळ नेले. सुईचे उत्तर टोक ओढले गेले, अर्थात वरचे टोक दक्षिण. (होकायंत्र पिकअपला टेकवू नये. आम्ही टेकविले, आणि ती सुई आता दक्षिणेस उत्तर म्हणते. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खिशातून नवे घेतले, अशी नोंद साठावहीत आहे.)

पिकअप श्रावणात आला. ७.८ किलो-ओहम, उत्तर टोक वर. शिक्षकांनी डाख दिला, पोकळीस आतून तांब्याचा पातळ पत्रा लावून तो भूतारेस जोडला, पिकअपचे स्क्रू थोडे खाली उतरविले. चुंबक तारेच्या फार जवळ असले तर तिला ओढतात आणि सूर डळमळतो. मग पुतण्याने दोन्ही नॉब उघडले. घरघर जवळजवळ नाहीशी, आणि प्रत्येक स्वराची कड स्पष्ट. पोराचा चेहरा उजळला. बॅटरीचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ‘‘छान आहे,’’ ती म्हणाली. थोडे थांबून म्हणाली, ‘‘ते मागचं बटण जरा मिटव बघू.’’

पुतण्याने मिटविले. घरघर परत आली. त्याने तीच जाड तार तिसऱ्या पडद्याशी दाबून छेडली. हात पुसत ती आत येऊन बसली, आणि आम्ही पंख्याचे बटण बंद केले.