तार धरायची कोणी?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

शेताच्या कुंपणाची तार ताणण्याचे हत्यार हा कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारील. ज्या महाविद्यालयात रोज सकाळी एस. टी. च्या पासावर खेड्यापाड्यांतून मुले येतात तिथे तो झालाच पाहिजे, असे माझे उत्तर आहे. शिवाय हा विषय दिसतो तेवढा लोखंडाचा नाही. तो अर्थशास्त्राचा आहे, आणि थोडाफार आपल्या शिक्षणाचाही आहे.

आमच्या भागात, म्हणजे विदर्भाच्या जंगलपट्टीत, कुंपणावाचून पीक हाती लागत नाही. पूर्वी धुऱ्यावर बोरीच्या नि बाभळीच्या काट्या रचीत. रानडुकरांपुढे आणि रोह्यांपुढे त्या टिकत नाहीत, म्हणून ज्याला झेपेल तो काटेरी तारेचे कंपाउंड करतो. दुकानात तार किलोवर मिळते. 'बारा-बारा' की 'बारा-चौदा' एवढे गेज सांगायचे आणि बंडले घरी आणायची. दहा-दहा फुटांवर लोखंडी अँगल किंवा सिमेंटचे खांब, त्यांवर तारेच्या चार-पाच ओळी. इथपर्यंत सर्वांना माहीत असते. ती तार ताणतात कशी, हे मात्र ज्याने ताणली त्यालाच ठाऊक. माझे वडील वीस वर्षांपासून हे काम करतात आणि सुट्यांत मी त्यांच्या हाताखाली जातो, म्हणून मला ते ठाऊक आहे.

पद्धत अशी. तार कोपऱ्याच्या खांबापर्यंत आणायची आणि तिचा एक वेढा सब्बलीला द्यायचा. (सब्बल म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात जिला पहार म्हणतात ती.) सब्बलीचे टोक खांबाला टेकवायचे आणि सगळ्या अंगाचा भार देऊन दांडा मागे रेटायचा. शाळेत शिकलेली तरफ ती हीच. तार टोकापासून ४ इंचांवर आणि हात ४८ इंचांवर असला, तर जोर बारा पट होतो. २५ किलोचा रेटा तारेवर ३०० किलोची ओढ होऊन पोचतो. तेव्हा ओढायला सब्बल पुरेशी आहे. ती कमी पडते धरायला. दुसरा माणूस पक्कड घेऊन तार खांबाला बांधीत असतो. तेवढा वेळ, मिनिटभर म्हणा, कधी दोन मिनिटे, ती सारी ओढ एका माणसाच्या दोन पंजांत आणि कमरेत अडकलेली असते. त्याचा पाय सरकला, वेढा सुटला किंवा जोडावर तार तुटली, तर ती उसळून मागे येते, आणि तिच्या अंगावर तीन-तीन इंचांवर काटे असतात.

हातात मोजे नसतात. गोणपाटाचा तुकडा किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की झाले. माझ्या वडिलांच्या तळहातावर भाग्यरेषा शोधायला एखादा ज्योतिषी बसला, तर त्याला तारेनेच ओढलेल्या रेषा सापडतील. त्यांच्या टोळीतल्या एका काकांचा डावा डोळा तीन वर्षांपूर्वी गेला. वेढा सुटला, एवढेच झाले. शेतमालकाने दवाखान्याचा खर्च केला आणि त्या दिवसाची मजुरीही दिली. माणूस वाईट नव्हता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत एका डोळ्याची दृष्टी गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्क्यांनी घटली असे धरलेले होते. पण फुटावर उक्ते घेतलेल्या कामात कायद्याच्या दृष्टीने मालक कोण, इथूनच वाद सुरू होतो. काका त्या वादात पडले नाहीत. त्यांनी चार शेळ्या घेतल्या.

आता मूळ हत्याराकडे येतो. ते अवघडही नाही आणि नवेही नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डी-काल्ब येथे राहणाऱ्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने काटेरी तारेचे आपले पेटंट १८७४ साली मिळविले. तार जगभर पसरली, आणि तिच्यामागोमाग ती ताणण्याची नाना साधनेही निघाली. त्यांपैकी एक फार नावाजले, ते न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओटुरेहुआ नावाच्या आडगावी तयार झाले. तिथे अर्नेस्ट हेज हा गृहस्थ १८९५ पासून स्वतःच्या शेतावरच शेतकऱ्यांसाठी अवजारे बनवीत असे. त्याची पत्नी हॅना सायकलवर बसून दूरदूरच्या शेतांवर जाई आणि त्यांच्या मागण्या गोळा करी. हेजने १९२४ साली समांतर जबड्यांचे तार ताणण्याचे हत्यार काढले. शंभर वर्षे उलटली तरी ते तिथल्या कुंपणांवर वापरात आहे, आणि हेजचा तो कारखाना आज वारसावास्तू म्हणून जपलेला आहे.

त्याची रचना सांगण्याजोगी आहे. एक साखळी, तार पकडणारे दोन जबडे आणि एक दांडा. तारेची दोन टोके दोन जबड्यांत द्यायची आणि दांडा मागेपुढे हलवायचा. प्रत्येक हेलकाव्याला दांडा साखळीवर पुढे सरकतो. एक आकडा ओढीत असतो तेव्हा दुसरा धरून असतो. तार जितकी ओढली जाईल तितकी जबड्याची मिठी घट्ट होते, आणि जबडे समांतर असल्यामुळे तार एका जागी चेचली जात नाही. दांडा सोडून माणूस बाजूला गेला, पाणी प्यायला, तरी तार ताणलेलीच राहते. सब्बलीत नाही ते हेच. जोर दोघांतही आहे, पण त्या हत्यारात धरण्याचे काम माणसाकडून काढून लोखंडाला दिलेले आहे.

आपल्याकडे असे काही मिळतच नाही असे नाही. विजेच्या तारा ओढताना लाइनवरची माणसे साखळीचा किंवा रॅचेटचा पुलर वापरतात. आमच्या तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मी चौकशी केली. चिखलात रुतलेली गाडी काढायचा साधा हातपुलर तिथे टांगलेला होता आणि त्याची किंमत तारेच्या एका बंडलाच्या आतबाहेर होती. चार एकरांच्या कंपाउंडाला कितीतरी बंडले लागतात. त्यात हे एक बंडल जड जाऊ नये. मग तो पुलर धुऱ्यावर का दिसत नाही?

आपला शेतकरी अडाणी आहे, नवे स्वीकारीत नाही, असे उत्तर पुस्तकांत फार मिळते. ते मला पटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हाही लोखंडाने जमीन बिघडते असे लोक म्हणत आणि नांगर विकले जाईनात, हे खरे. पण पुढे त्याच शेतकऱ्यांनी तो नांगर घरोघर नेला, कारण नांगराचा फायदा नांगर विकत घेणाऱ्यालाच होता. (किर्लोस्करांचा आरंभ १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानाने झाला आणि हेजबाईंची विक्री सायकलवर चाले. योगायोग, पण मला आवडला.) तार ताणण्याच्या हत्याराचे तसे नाही. न्यूझीलंडात बहुधा ज्याचे शेत तोच तार ओढीत असे. तळहात त्याचा फाटे आणि पैसाही त्याच्याच खिशात असे. आमच्याकडे पैसा एकाचा असतो आणि हात दुसऱ्याचा. शेतमालक तार, खांब, सिमेंट, वाळू या सगळ्यांचा हिशेब करतो, आणि बाकी 'मजुरी' म्हणून एक आकडा फुटावर ठरवितो. हत्यार त्या आकड्यात गृहीत धरलेले असते, म्हणजे ते कोणाच्याच वहीत नसते. मजुराने घ्यावे तर बचत ती काय होणार? डोळा वाचेल. पण वाचलेल्या डोळ्याची रक्कम कोणी हातावर ठेवीत नाही.

याचे परिणाम मजुराच्या अंगावरच थांबतात असेही नाही. पोलाद उन्हाने वाढते. १०० मीटर तार डिसेंबरच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत ३५ अंशांच्या फरकाने सुमारे ४ सेंटिमीटर लांबते. शिवाय आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि खांब जागचे हलतात. कोपऱ्याच्या खांबाला तिरका टेका दिलेला नसेल तर तो हळूहळू आत झुकतो आणि सगळ्या ओळी एकदम ढिल्या पडतात. म्हणजे तार एकदा ताणून भागत नाही, दर वर्षी ताणली पाहिजे. पण सब्बलीवाली टोळी उक्ते संपवून गेलेली असते. एका ढिल्या ओळीसाठी तिला कोण बोलावणार? डुक्कर खालच्या तारेखाली नाक घालते, पाठ उचलते आणि कळप आत येतो.

एकदोन हंगाम असे गेले की काही जण खांबावर आकडा टाकून थेट वीज तारेत सोडतात. त्याने माणसे मेली आहेत, गुरे मेली आहेत. २०१७ साली नागभीडजवळ श्रीनिवास नावाचा वाघ शेतातल्या अशाच विजेने मेला तेव्हा वर्तमानपत्रे भरून गेली. वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. तार घट्ट असती तर तो वाघ वाचला असता, असेही मी म्हणत नाही. ढिल्या तारेने डुकराचाही बंदोबस्त होत नाही आणि माणसाचे डोके मात्र फिरते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझा एक मित्र म्हणतो, आता सौर झटका मशीन आले, काटेरी तारेचे दिवस संपले. त्याच्या माहितीसाठी सांगतो की झटक्याची तारही ताणावीच लागते. ती ढिली होऊन गवताला टेकली की झटका जमिनीत उतरतो आणि मशीन नुसते टकटक करीत बसते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. टोळीत तीन माणसे असतात. एक सब्बलीवर, एक पक्कडीवर, एक बंडल उलगडणारा. पुलर आला तर दोघांत काम होईल. तिसऱ्याने काय करावे? अर्थशास्त्राच्या तासाला यंत्र आणि बेकारी हा धडा आम्ही शिकलो, पण तो शिकताना माझ्यासमोर त्या तिसऱ्या माणसाचे तोंड होते, कारण सुटीत तो तिसरा माणूस मीच असतो. दर वर्षी तारा पुन्हा ताणण्याचे काम निघाले तर त्याला रोजगार मिळू शकेल असे मला वाटते. मिळेलच असे सांगता येत नाही. तरीही एका माणसाचा रोज टिकावा म्हणून दुसऱ्याने ३०० किलोची ओढ कमरेवर धरून उभे राहावे, हे मला मान्य नाही.

वडिलांशी मी या विषयावर बोललो. पुलरचे चित्र त्यांनी नीट पाहिले, साखळी कशी चढते ते विचारले, आणि म्हणाले, "चीज चांगली हाय. पन सब्बल आपल्या घरची हाय बाबू. हे तुटलं त पैसे कोन भरन?"

सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आला. सब्बल मोडत नाही, मोडली तरी लोहार जोडून देतो. पुलरची साखळी तुटली तर आठ दिवसांची मजुरी गेली. ज्याच्याजवळ आठ दिवसांची शिल्लक नाही त्याला शहाणपण सुचत नाही असे नाही, ते परवडत नाही.

म्हणून माझी सूचना आपल्या महाविद्यालयाला आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. दर हिवाळ्यात आपले शिबिर दत्तक गावात जाते, सात दिवस आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, भिंतींवर म्हणी लिहितो. गावकरी आपल्याला पाहुण्यांसारखे जेवू घालतात आणि आठव्या दिवशी पुन्हा तोच रस्ता असतो. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीचे व्यावहारिक ज्ञान असावे अशी मागणी केली होती. आपण तर पदवीच्या वर्गात बसलो आहोत. एका शिबिराच्या खर्चातून दोन पुलर, चामड्याच्या मोज्यांचे चार जोड आणि डोळ्यांवर लावायचे साधे चष्मे घेता येतील. ते आपल्या ग्रंथालयात ठेवावेत आणि पुस्तकासारखे नोंद करून गावात द्यावेत. पुस्तक हरवले, फाटले तर ग्रंथालय बंद पडत नाही. हत्याराचेही तसेच धरावे.

यावर ग्रंथपाल सर हसतील. पुस्तकांच्या कपाटाशेजारी ग्रीस लागलेली साखळी शोभणार नाही, हे मलाही दिसते. मग ती सायकल स्टँडजवळच्या खोलीत ठेवावी. पण नोंदवही ग्रंथालयाची असावी, म्हणजे ती कोणा एकाच्या मर्जीवर राहणार नाही. अनामत रक्कम घेऊ नये. ज्याला हे हत्यार लागते त्याच्याजवळ अनामत नसते. मुदत पंधरा दिवसांची असावी, कारण चार-पाच एकरांचे कंपाउंड तेवढ्यात होते, आणि दिवाळीनंतर तुरीच्या दिवसांत मागणी वाढेल तेव्हा ती दहा दिवसांवर आणावी. दुरुस्तीचा भार महाविद्यालयाने उचलावा. नोंदवही लिहिणे आणि परत आलेल्या साखळीला तेल घालणे हे मी आणि माझे दोन वर्गमित्र पुढच्या वर्षी करू. मार्च-एप्रिलमध्ये आमची अंतिम वर्षाची परीक्षा असेल. तेवढे दोन महिने कोणी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने पाहावे.