पितळ उघडे पडते आहे!

दिवाळीपूर्वी पुण्यात भरलेल्या एका प्रदर्शनात पितळी भांड्यांचा गाळा पाहिला. भांडी लखलखीत होती आणि किमती त्याहून लखलखीत! माझ्या आईने १९८०च्या सुमारास मोडीत घातले होते, अगदी तसेच एक पातेले तेथे होते. मोडीत मिळालेल्या पैशांतून तिने स्टीलचे डबे आणले होते. आता चार हजारांच्या वर रक्कम मोजणाऱ्याला ते पातेले आणि सोबत परंपरेचा गौरव करणारे एक छापील पत्रक मिळत होते. कडेवर तान्हे मूल घेतलेल्या एका तरुण आईला विक्रेता सांगत होता, "बाळाचं दूधसुद्धा यातच तापवा ताई. आपल्या पूर्वजांचं विज्ञान आहे हे." मी पातेल्यात डोकावून पाहिले. आत कल्हई नव्हती. तसे विचारताच त्याने हसून उत्तर दिले, "कल्हई म्हणजे केमिकलच ना काका?"

ज्या शहरात हा संवाद झाला, त्याच शहरातील डॉक्टरांनी चाळीस वर्षांपूर्वी काय शोधून काढले होते, याची त्या विक्रेत्याला कल्पना नसावी. गाळ्याभोवतीच्या सुशिक्षित गर्दीलाही ती नव्हती, हे अधिक क्लेशदायक आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलांचे यकृत दगडासारखे घट्ट होत जाई आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. वैद्यकाच्या ग्रंथांत या रोगाचे नावच 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' असे पडले होते. रोगाच्या नावात देशाचे नाव यावे, याहून मोठी नामुष्की कोणती? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या मुलांच्या घरांतील स्वयंपाकघरापर्यंत शोध नेला. मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा आढळत होता. १९८३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. आईच्या दुधाऐवजी लवकर वरचे दूध सुरू झालेल्या मुलांना ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून, त्यातच ठेवून पाजले जात होते. दुधातील प्रथिने तांबे धरून ठेवतात आणि तान्ह्या जिवाला ते बाहेर टाकता येत नाही. या रोगात आनुवंशिक प्रवृत्तीचाही वाटा असावा, असे काही अभ्यासक मानतात. मात्र घरोघरी समजावून सांगितल्यावर आणि दुधाचे भांडे बदलल्यावर हा रोग ओसरत गेला. आज तो दुर्मीळ झाला आहे.

ज्याचा अभिमान बाळगावा असे हे आपल्या मातीतले संशोधन आहे. पत्रके छापायचीच तर त्याची छापावीत. उलट ज्या भांड्याने ही मुले गेली, त्याच भांड्यात बाळाचे दूध तापवण्याचा सल्ला 'पूर्वजांचे विज्ञान' म्हणून चौपट भावाने विकला जातो. याला परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणायचे काय?

पूर्वजांना, खरे म्हणजे पूर्वजांच्या स्वयंपाकघरातील बायकांना, हे चांगले कळत होते. त्यासाठी मराठीत एक स्वतंत्र क्रियापद आहे: कळकणे. ताक, चिंचेचे सार, सोलकढी असे आंबट पदार्थ पितळेत कळकतात, म्हणून ते दगडीत, मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ठेवायचे, हे आजीला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकवले नव्हते. आणि पितळेत शिजवायचेच असेल तर आधी कल्हई. भांडे निखाऱ्यावर तापवायचे, नवसागराची पूड टाकून ते स्वच्छ करायचे आणि कथलाची काडी फिरवून ते पातळ कथील कापसाच्या बोळ्याने आतून सारखे पसरायचे. कथील २३२ अंशांना वितळते. म्हणूनच कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये, ही ताकीद असे. 'केमिकल' म्हणून ज्या कल्हईला आज नाके मुरडली जातात, तीच त्या साऱ्या परंपरेचा प्राण होती. तिच्यावाचून विकले जाणारे पितळ म्हणजे अर्धी परंपरा, आणि तीही धोक्याची अर्धी. पाण्याच्या तांब्याचे ठीक आहे, पण त्याच बाटलीत लिंबूपाणी भरून मुलांना शाळेत पाठवणाऱ्या माता मी पाहिल्या आहेत.

कल्हईलाही आज दृष्ट लागली आहे. कथील महाग आणि शिसे स्वस्त. त्यामुळे शिसे मिसळलेल्या डाखाच्या काडीने कल्हई उरकणारेही भेटतात. शुद्ध कथलाची काडी वाकवली तर बारीक करकर ऐकू येते. ही काही प्रयोगशाळेची परीक्षा नव्हे, परंतु काडी दाखवा म्हटल्यावर कल्हईवाल्याची मुद्रा कशी होते, त्यावरूनही पुष्कळ कळते.

आता या विवेचनाने नॉनस्टिकवाल्यांनी हुरळून जाऊ नये. ज्या मुलाम्याला टेफ्लॉन म्हणतात, तो पदार्थ १९३८ साली ड्यूपॉन्ट कंपनीच्या रॉय प्लंकेट या रसायनज्ञाला अपघाताने सापडला. तो बनवताना वापरले जाणारे पीएफओए हे रसायन अमेरिकेतील पार्कर्सबर्ग या गावाच्या पाण्यात उतरले, गुरे मेली, माणसे आजारी पडली. २०१७ साली सुमारे साडेतीन हजार दावे मिटवण्यासाठी ६७ कोटी डॉलर मोजावे लागले. २०१९ साली या रसायनावर स्टॉकहोम करारान्वये आंतरराष्ट्रीय बंदी आली आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत स्थान दिले. आजच्या तव्यांवर 'पीएफओएमुक्त' असे छापलेले असते आणि मंद आचेवर ऑम्लेट करणाऱ्याला त्याने मोठा अपाय होईल, असे मी म्हणणार नाही. परंतु आपण तव्यावर करतो काय? भाकरी! तवा कोरडा, आच मोठी. सुमारे २६० अंशांपुढे हा मुलामा बिघडू लागतो आणि आणखी तापल्यास त्यातून निघणाऱ्या धुराने घरातले पाळीव पोपट मेल्याच्या नोंदी आहेत. शिवाय उलथन्याचे चार ओरखडे उठले की तवा बाद. दोन-तीन वर्षांनी नवा घ्यायचा. हा हप्ता जन्मभर भरायचा, आणि स्वस्त कोणाला म्हणायचे तर याला!

तरीही आपल्या घरांतील खरे संकट पितळ किंवा टेफ्लॉन हे नाही. ते आहे शिसे. आणि शिसे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक इशारा दिला. ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियम नावाच्या मिश्रधातूच्या काही आयात भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते, ती विकू नका, असा त्याचा आशय होता. त्या यादीत पहिले नाव भारतात बनलेल्या भांड्याचे होते. हिंडालियम! लग्नाच्या रुखवतापासून मंगल कार्यालयाच्या भटारखान्यापर्यंत आपण जे वापरतो, ते. धातू म्हणून त्याचा दोष नाही. जुने इंजिनांचे भाग, तारा, डबे असे भंगार वितळवून, त्यात काय आहे हे न तपासता भांडी ओतली की शिसे आपोआप येते. शिशाची सुरक्षित मात्रा नसतेच. लहान मुलांच्या मेंदूवर ते घाला घालते आणि ती हानी भरून निघत नाही. युनिसेफच्या २०२०च्या अहवालात रक्तात पाचाहून अधिक मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या भारतीय मुलांची संख्या सुमारे २७ कोटी ५० लाख असावी, असा अंदाज आहे. त्याला कारणे अनेक, भांडी हे त्यांतले एक. पण निदान ते आपल्या हातातले आहे.

यावर आपल्या समाजात चर्चा कशाची चालते? इंग्रजांनी कैद्यांना दुर्बल करण्यासाठी तुरुंगात ॲल्युमिनियमची भांडी आणली, या कथेची! सकाळी सकाळी मोबाइलवर ती येते आणि आपले सुशिक्षित बंधू ती पुढे ढकलतात. वस्तुस्थिती अशी, की या देशात ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा धंदा १८९८च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी देशी कारागिरांना नवा रोजगार मिळावा म्हणून सुरू केला. आपल्याकडे या भांड्यांना 'जर्मन'ची भांडी म्हणत, म्हणजे इंग्रजाला तर नावातही जागा नाही. मेलेल्या इंग्रजाला शिव्या घालणे सोपे. गल्लीतल्या भांडेवाल्याकडे आयएसआय चिन्ह मागणे अवघड. २०२४ साली केंद्र सरकारने स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर हे चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला. किती ग्राहकांनी भांडे उलटे करून पाहिले?

मग सामान्य घराने घ्यावे काय? उत्तर निराश करण्याइतके साधे आहे. शिजवायला चिन्हांकित स्टीलची पातेली. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, त्याला भुलू नये. उत्तम ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरे, पण हलक्या २०० मालिकेतल्या स्टीलला तरी कुठे चिकटते? पावतीवर प्रत लिहून घ्यावी. भाकरी-घावनाला बिडाचा किंवा लोखंडी तवा, भाजीला लोखंडी कढई. आठवडी बाजारात किंवा घिसाड्याकडे ती काही शे रुपयांत मिळते आणि नातवंडांना पुरते. सुरुवातीला चिकटते, ही नव्या सुनांची तक्रार खरी आहे. तापवून तेलाचा हात द्यावा, कांदा परतावा, आठ-दहा दिवस धीर धरावा. आंबट आमटी त्यात करू नये आणि भाजी झाली की काढून घ्यावी, नाहीतर काळी पडते. ती काळी पडते ते लोहाने, आणि ते पोटात गेले तर बिघडत नाही. इथिओपियात लोखंडी भांड्यांत शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन इतर मुलांपेक्षा अधिक वाढल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) या देशातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, हे ध्यानी घेतले तर ती चारशे रुपयांची कढई लहान वाटत नाही.

साठवणीचे तर पैसेही पडत नाहीत. मुरंब्याच्या, कॉफीच्या काचेच्या बाटल्या धुऊन ठेवा. डाळी-पिठांना स्टीलचे डबे. लोणचे बरणीत. आपण मात्र श्रीखंडाचा रिकामा डबा टाकवत नाही म्हणून त्यात लोणचे भरतो आणि कढत आमटी ओतून शेजारी पाठवतो. उष्णता, तेल आणि आंबट या तिन्हींत प्लास्टिकमधली द्रव्ये अन्नात उतरतात आणि आपली आमटी नेमकी तिन्ही असते! त्या डब्यात बटणे ठेवावीत. वडापाव वर्तमानपत्रात बांधून घेऊ नये, असेही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली पुन्हा बजावले आहे. वर्तमानपत्रात आयुष्य घालवलेल्या माणसाने हे लिहावे, असो.

राहता राहिले शिसे. ते गृहिणीने घरी बसून ओळखावे अशी अपेक्षा करणे अन्याय्य आहे. ते काम शासनाचे. अन्न व औषध प्रशासनाने भांडी बाजारातून, आठवडी बाजारांतून, प्रदर्शनांतील त्या झगमगीत गाळ्यांतूनही नमुने उचलावेत, तपासावेत आणि निष्कर्ष दुकानाच्या नावासह जाहीर करावेत. ग्राहक संघटनांनी आणि महिला मंडळांनी हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या लुटण्यापूर्वी एक निवेदन घेऊन त्या कार्यालयात जावे. अमेरिकेतील मुलांसाठी तेथले सरकार आपली भांडी तपासते. आपल्या मुलांसाठी ती कोणी तपासायची?

आईने मोडीत न घातलेले एक पितळी तपेले आमच्या घरी आहे. त्याची कल्हई उडाली आहे आणि शुद्ध कथील वापरतो असे छातीठोकपणे सांगणारा कल्हईवाला अजून मिळालेला नाही. तोवर त्यात कोरडे तांदूळ ठेवले आहेत.