भिंत कुणाभोवती?

मुलीला नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला, की आपण पेढे वाटतो. वसतिगृहाची फी, मेसचं जेवण, एका खोलीत किती जणी, सगळं विचारून घेतो. एकच प्रश्न राहून जातो. तिथे मुलीवर काही प्रसंग ओढवला, तर विद्यापीठ काय करतं?

बनारस हिंदू विद्यापीठाचंच पाहा ना. १९१६ सालचं, देशभर नावाजलेलं. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या आवारात मोटारसायकलवरून आलेल्या तरुणांनी एका विद्यार्थिनीचा विनयभंग केला. रक्षक धावून आले नाहीत, उलट वसतिगृहात आपल्यालाच उशिराचा जाब विचारला, अशी तिची तक्रार होती. मुली सिंहद्वारापाशी धरणं धरून बसल्या. त्यांना हवी होती सुरक्षितता; मिळाला लाठीमार. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच परिसरातल्या आयआयटीतल्या विद्यार्थिनीने तिघांविरुद्ध अत्याचाराची तक्रार दिली. त्यांना अटक व्हायला डिसेंबरअखेर उजाडली. पण आयआयटी आणि विद्यापीठ यांच्यामध्ये भिंत घालायची घोषणा मात्र लगेच झाली!

मला खटकतं ते हेच. गुन्हा दुसऱ्याने करायचा आणि कुंपण मुलींभोवती घालायचं. समाजकार्यात वावरताना 'नाव खराब होईल' हे शब्द मी फार ऐकते. संस्थेला तिच्या नावाची काळजी, घरच्यांना घराण्याच्या. दोन्ही नावं जपता जपता मुलगी गप्प होते, नाहीतर शिक्षण सोडून घरी येते.

कायदा आहे, बरं का. २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती हवीच. अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य बाहेरची. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थीही बसतात; कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख मात्र बसू शकत नाहीत. पोलिसांत जायचा हक्क वेगळा, तो कुणी काढून घेऊ शकत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा प्रवेशाच्या खिडकीशी उभ्या राहाल, तेव्हा फीबरोबर हेही विचारा. समितीवर कोण आहे? त्यांची नावं कुठे लावली आहेत? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर काय ते समजा. आणि मुलीला निघण्यापूर्वी एवढं नक्की सांगा, "काही झालं तर आधी आम्हाला फोन कर. 'तू तिथे गेलीसच कशाला', असं आम्ही विचारणार नाही."