शाळेत कॉम्प्युटर आले, पण मुलांच्या हातात किती वेळ येतात?

इंजिनिअरिंगला जायचं असेल तर साताऱ्यातल्या माण किंवा सांगलीतल्या जत तालुक्यातल्या मुलांनाही सीईटी कॉम्प्युटरवरच द्यावी लागते. २०१९ पासून ही परीक्षा ऑनलाइन आहे. पण सराव कुठं करायचा? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातल्या ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता, तर शहरांत २३.४ टक्के.

मग कॉम्प्युटर वाटले की प्रश्न सुटेल?

वारणेत काय झालं?

१९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी वारणा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावातल्या केंद्रात शेतीबरोबर शिक्षणाचीही माहिती मिळेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कॉम्प्युटर मुख्यतः उसाच्या नोंदी आणि बिलांसाठी वापरले गेले. पुढं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत हेच काम मोबाइलच्या एसएमएसवर, कमी खर्चात करून दाखवलं.

मग मोबाइलच पुरेसा आहे का?

काही प्रमाणात, हो. कोरोनाकाळात माणमधल्या विजयनगरच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक बालाजी जाधव यांनी साध्या फोनवरून, कॉन्फरन्स कॉलवर मुलांना गोष्टी सांगितल्या. साधन स्वस्त होतं, पण पलीकडं शिक्षक होता.

उलट बाजूही आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि मुलांच्या अभ्यासासाठी दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. स्क्रीन घरात आली, म्हणून अभ्यास होतोच असं नाही. शिवाय टायपिंग, एक्सेल, कोडिंग बोटभर स्क्रीनवर नीट शिकता येत नाही.

खरा खर्च कुठं आहे?

राज्यातल्या अनेक शाळांमध्ये 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीनं लॅब आल्या. कंत्राट ५ वर्षांचं. मुदत संपली की मशीन शाळेकडं राहतात, पण कंत्राटी शिक्षकाचा पगार थांबतो. मग वीजबिल, दुरुस्ती आणि शिकवणारा माणूस, हा सगळा भार शाळेवर येतो. खरेदी एकदाच होते, हा खर्च मात्र दर महिन्याला असतो.

म्हणून प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्यापेक्षा शाळा सुटल्यावरही उघडी राहणारी, मोफत सॉफ्टवेअरवर चालणारी लॅब जास्त परवडते.

तुमच्या गावात लॅबचं उद्घाटन झालं, तर फोटो शेअर करण्याआधी दोनच प्रश्न विचारा. एका मुलाला आठवड्यात किती तास मिळणार? आणि सहाव्या वर्षी दुरुस्तीचे पैसे कोण देणार?