मृगाच्या आत माळ मोजू या

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले गावकरी, मेंढपाळ, शिक्षक आणि कॉलेजची पोरंपोरी, सगळ्यांना ही विनंती. मृग निघायला आता फार दिवस उरलेले नाहीत. तेवढ्या अवधीत आपापल्या गावाच्या हद्दीतलं वनखात्याचं रान पायी फिरून, त्यात बाहेरदेशातून आलेलं झाडझुडूप कुठे आहे, किती आहे आणि केवढं वाढलं आहे, याची नोंद करायची आहे. तोडायचं काही नाही. मोजायचं आणि नकाशावर मांडायचं, एवढंच काम.

घाई कशाची, ते आधी सांगतो. वेडी बाभूळ, जिला बोलताना आपण चिलार म्हणतो, तिच्या शेंगा उन्हाळ्यात पिकतात. त्या पिवळ्या, गोड शेंगा शेळ्यामेंढ्या आवडीनं खातात. गर पचतो, बी पचत नाही. लेंडीबरोबर ते शाबूत बाहेर पडतं, आणि पोटातून गेल्यामुळे त्याचं टणक कवच मऊ पडून उगवण आणखी सोपी होते. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरलेले धनगरांचे वाडे पावसाच्या तोंडावर आपल्या माळांवर परततात. पहिला मोठा पाऊस झाला की जिथे जिथे लेंडी पडली तिथे तिथे कोंब. एकदा रान हिरवं झालं की कोवळं रोप गवतात लपतं, आणि ते नजरेत भरेपर्यंत त्याची मुळं हाताला दाद देत नाहीत.

उन्हाळ्यात नेमकं उलटं असतं. आपल्याकडे पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास. मे महिन्यात माळावरची कुसळी, पवना, शेडा, मारवेल सगळं वाळून पिवळं होतं. अशा वेळी हिरवी उभी राहते ती वेडी बाभूळ. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांपैकी एखादा दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातो, दहा मीटरच्या चौकोनापर्यंतचं चित्र देतो आणि ती चित्रं कुणालाही फुकट मिळतात. मे महिन्याचं चित्र उघडलं की पिवळ्या माळावरचे हिरवे डाग साध्या डोळ्यांना दिसतात. पण तो डाग चिलारीचा की कडुनिंबाचा, हे उपग्रह खात्रीनं सांगत नाही. आणि कमरेएवढं एकटं रोप तर त्याला दिसतच नाही. तिथे माणसानं जाऊन बघावं लागतं. म्हणून हे आवाहन.

आता प्रश्न येईल की माळावर आहेच काय राखण्यासारखं. सरकारी दप्तरात हे रान वर्षानुवर्षं पडीक म्हणून लागलं, आणि आपणही तसंच म्हणत आलो. पण सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं ते चिंकाऱ्यासाठी. कडबनवाडीच्या आणि शिरसुफळच्या गवताळ रानात वनखातं आता सफारी चालवतं. पुण्या-मुंबईची माणसं पैसे भरून आपला माळ बघायला येतात. लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल, हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षी, हे सगळे उघड्या रानाचे रहिवासी. लांबवर बघायचं, जोरात पळायचं, जमिनीवर अंडी घालायची, असं ज्यांचं जगणं, त्यांना काटेरी जाळीत जागा नाही. मेंढराचं पोटही गवतावरच आहे. चिलारीखाली गवत तगत नाही.

तरी चिलारीला नुसती शिव्यांची लाखोली वाहणाऱ्यांत मी नाही. दुष्काळात तिनं किती चुली पेटत्या ठेवल्या, हे आपल्या आयाआज्यांना विचारा. आजही कितीतरी घरांचं सरपण तीच आहे, आणि तिच्या कोळशावर पोट भरणारी कुटुंबंही आहेत. गावाच्या कडेची, रस्त्यालगतची चिलार राहिली तर चालेल. खडकाळ माळाच्या मधोमध ती शिरली तर चालणार नाही. कुठली ठेवायची आणि कुठली काढायची हे ठरवायला समोर नकाशा हवा.

नकाशा नसताना काय होतं, ते आपण पाहतोच. पैसे आले की जेसीबी येतो. जिथे सगळ्यात गर्द जाळी आणि जिथे रस्ता जवळ, तिथे तो चालतो. फोटो छान येतात. दोन पावसाळ्यांत तोडलेल्या खुंटांतून फुटवे येऊन जाळी पहिल्यापेक्षा दाट होते, आणि उकरलेल्या मोकळ्या मातीत नवं बी रुजतं ते वेगळंच. याला मी बंदोबस्त म्हणत नाही, मशागत म्हणतो.

काम उलट्या टोकानं करायला हवं. एक हिशेब मांडा. एक एकराचं चिलारीचं एकच दाट बेट आहे, आणि दुसरीकडे एक-एक गुंठ्याची चाळीस बेटं विखुरलेली आहेत. क्षेत्र सारखंच. पण झाड पसरतं कडेनं, आणि त्या चाळीस बेटांची एकूण कड त्या एका बेटाच्या सहापट भरते. म्हणजे धोका त्या विखुरलेल्या गुंठ्यांत जास्त आहे, आणि ती उपटायलाही सोपी आहेत. आधी सुटी झाडं, मग लहान बेटं, मोठी जाळी शेवटी आणि तीही कडेकडेनं. फक्त ही सुटी झाडं कुठे आहेत हे आज कुणाच्याही कागदावर नीट उतरलेलं नाही. ती माहिती विखुरलेली आहे गुराख्यांच्या आणि वनमजुरांच्या डोक्यात.

वेळेत नोंद न केल्याची किंमत पुणे जिल्ह्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल? गाजर गवत भारतात पसरू लागल्याची पहिली ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातलीच आहे, उकिरड्यावरच्या सुट्या रोपांची. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. तेव्हा ते चार माणसांनी एका दिवसात उपटून टाकता आलं असतं. आज देशातलं एकही राज्य त्यातून सुटलेलं नाही. कच्छच्या बन्नीत १९६१ पासून वनखात्यानंच वेडी बाभूळ लावली. आशियातल्या नामांकित गवताळ रानांपैकी एक असलेल्या त्या रानाचा मोठा भाग आज तिच्याखाली आहे. आपले माळ बन्नीच्या मानानं तुकडे-तुकडे आहेत. म्हणून ते लवकर भरतील, आणि म्हणूनच ते अजून मोजून होण्यासारखे आहेत.

किती काम आहे, तेही बघू. मयूरेश्वर अभयारण्य सव्वापाच चौरस किलोमीटरहून थोडं कमीच. दोनशे मीटरच्या अंतरानं समांतर रेघा धरून चाललं तर एकूण चाल सव्वीस किलोमीटरच्या आसपास होते. दोघादोघांच्या चार जोड्या दोन सकाळींत हे उरकतील. बहुतेक गावांच्या वाट्याचं रान याहून लहान आहे.

पद्धत साधी ठेवा. आधी वनरक्षकाला भेटा, वनपरिक्षेत्र कार्यालयातून परवानगी घ्या. अभयारण्यात तर परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. कक्षाचा नकाशा मागून घ्या, त्यावर रेघा मारा. दर शंभर मीटरवर थांबा, मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, झाडाचं नाव लिहा, एकटं आहे, दहाच्या आत आहेत की गर्द आहे ते लिहा, उंची गुडघ्याएवढी, कमरेएवढी की डोक्यावर, आणि शेंगा धरल्या आहेत का. जवळ ओघळ, रस्ता, मेंढ्यांची बसण्याची जागा, जुनी चारी असेल तर तेही, कारण बी तिथूनच येतं. एक फोटो काढा. आणि जिथे काहीच सापडलं नाही तिथे ‘काही नाही’ असं आवर्जून लिहा. हौशी माणूस नेमकं हेच गाळतो. पुढल्या वर्षी त्याच जागी रोप दिसलं तर ते नवं आहे हे त्या रिकाम्या नोंदीवरूनच कळणार असतं.

ओळखीत गफलत नको. गावठी बाभळीची फुलं पिवळी, गोंड्यासारखी गोल; शेंग दर दोन बियांच्या मधे आवळलेली, माळेसारखी. चिलारीचं फूल लांब कणसासारखं, शेंग सरळ आणि पिकल्यावर पिवळी. हिवराची साल पिवळसर पांढरी. सगळ्यात जपायचं ते शमीला, म्हणजे सौंदडीला. ती चिलारीची देशी बहीण, फूलही तिचं कणसासारखंच. पण चिलारीचे काटे डोळ्यापाशी जोडीनं असतात आणि सौंदडीचे फांदीभर मधेमधे विखुरलेले. शंका आली तर शंका म्हणूनच लिहा. गिरिपुष्पाच्या, म्हणजे उंदीरमारीच्या गुलाबी फुलांचा बहर उन्हाळा तापायच्या आधीच सरतो. आता ते पानांवरून आणि चपट्या शेंगांवरून ओळखावं लागेल. घाणेरी ओढ्याकाठी शोधा. गाजर गवत आणि रानतुळस यांच्यासाठी दुसरी फेरी पावसाळा सरताना करावी लागेल, आता ती वाळलेली असतात.

गिरिपुष्पाचं नाव निघालं म्हणून एक कडू गोष्ट. ते आणि सुबाभूळ आपल्या माळांवर मेंढरांनी आणलेली नाहीत. ती आपण लावली, चर खणून, समारंभ करून. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प होता. त्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतही माळ दिसला की खड्डे घ्यायची सवय सुटलेली नाही. शाळांना आणि कारखान्यांना हात जोडून सांगणं आहे, या पावसाळ्यात गवताळ रानात झाड लावू नका. बांधावर लावा, शाळेभोवती लावा, ओढ्याकाठी करंज-जांभूळ लावा.

रानात जाताना पायांत जाड तळाचे बूट घाला, चिलारीचा काटा चपलेतून आरपार जातो. दगड उचलताना फुरशाची आठवण ठेवा. सकाळी सहाला निघून दहाच्या आत परत या. कुत्रं सोबत नेऊ नका, कुत्र्यांचे रोग लांडग्याला आणि खोकडाला लागतात. पिल्लं किंवा बीळ दिसलं तर तिथूनच मागे वळा. ती जागा ना व्हॉट्सअॅपवर टाका, ना मित्राला सांगा. जखमी जनावर आढळलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मेंढपाळ बांधवांना वेगळी विनंती. कुठल्या ओघळीत तीन वर्षांपूर्वी चिलार नव्हती आणि आज आहे, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. प्रत्येक गटात तुमच्यातला एक जाणता हवाच, आणि त्याची सकाळ बुडते तिची मजुरी ग्रामपंचायतीनं द्यावी.

झालेली नोंद दोन ठिकाणी द्यायची. एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पावसाळ्यात माती मऊ असताना सुटी रोपं मुळासकट काढण्याचं काम त्यांना कक्षवार लावता येईल. दुसरी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे, लोक जैवविविधता नोंदवहीत चिकटवायला. ही समिती २००२ च्या कायद्यानं प्रत्येक गावाला मिळालेली आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच असते, तिला हे पहिलं खरं काम समजा. वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीनं परकीय आक्रमक प्रजातींचा उल्लेख आला आहे, तेव्हा हा आपला खासगी छंद आहे असं कुणी म्हणणार नाही.

रोपं खात्याच्या देखरेखीखालीच काढायची. नोंद मात्र आजपासून करता येते. या आठवड्यात गावातले आठ जण जमवा, वनरक्षकाला गाठा, आणि येत्या रविवारी पहिली रेघ चाला.