आधी प्रांत, मग पल्ला

रविवारी मिसा आटोपून निपाणीला मावशीकडे गेले. मावसभाऊ दहावीपर्यंत मराठी शाळेत होता. आता पीयूसीला सगळं गणित इंग्रजीत. वहीत फंक्शन होतं: 20क्ष − क्ष².

"डोमेन काय रे?"

"ऑल रिअल नंबर्स, ताई." वहीकडे न बघताच!

उत्तर बरोबर, पण पाठ केलेलं. मराठीत डोमेनला 'प्रांत' म्हणतात. 1 नोव्हेंबर 1956 ला ज्या भागाचा प्रांतच बदलला, तिथल्या मुलांना तरी हा शब्द पोकळ वाटू नये. प्रांत कुणीतरी ठरवतं, आणि पुढचं त्यावरून ठरतं. शिकवताना हेच गळतं, असं माझं (साहित्याच्या विद्यार्थिनीचं!) मत आहे.

मी म्हटलं, 40 मीटर तारेत आयताकृती वाफ्याला कुंपण घालायचंय. एक बाजू क्ष, दुसरी 20 − क्ष. क्षेत्रफळ तुझंच फंक्शन. आता उणे 5 मीटरची बाजू आणून दाखव! म्हणजे प्रांत उरला 0 आणि 20 च्या मधला. रेंजला मी पल्ला म्हणते, तोफेचा असतो तसा. पूर्ण वर्ग केला की 100 − (क्ष − 10)². वर्ग उणे नसतो, म्हणून 100 च्या वर जाणं नाही. पल्ला 0 च्या वर, 100 पर्यंत.

मग मध्ये विहीर आणली. क्ष 8 च्या पुढे जाईना.

"तरी जास्तीत जास्त 100च की."

"10 तुझ्या प्रांतात आहे का?"

त्याने 8 गुणिले 12 केलं. 96.

"मग परीक्षेत काय लिहू?"

"अट दिली नसेल तर ऑल रिअल नंबर्सच. आणि रेंज, 100 किंवा कमी."